चुंबकीय तबकडीची सत्तर वर्षे

माणसाने आपली स्मृती आजवर नाना पदार्थांच्या स्वाधीन केली. दगड, ताम्रपट, भूर्जपत्र, ताडपत्र आणि कागद असा तो क्रम आहे. गेल्या सुमारे सत्तर वर्षांत त्यात एका नव्या वस्तूची भर पडली, ती म्हणजे चुंबकीय तबकडी. संगणकाच्या पेटीत बसवलेली आणि व्यवहारात जिला आपण 'हार्ड डिस्क' म्हणतो ती हीच. बँकेतील खाती, रुग्णालयातील टिपणे, जमिनीचे उतारे, लेखकांचे मसुदे आणि घरोघरच्या लग्नकार्यांची छायाचित्रे या साऱ्यांचा भार तिने वाहिला आहे.

दगड झिजावयास शतके लागतात. कागदाला कसर लागली तर ती डोळ्यांना दिसते. ही तबकडी मात्र पुष्कळदा एका क्षणात निकामी होते आणि तिच्याबरोबर एखाद्या कुटुंबाच्या वीस वर्षांच्या आठवणी नाहीशा होतात. म्हणून ती बिघडू लागली की प्रत्येक जण एकच प्रश्न विचारतो : आता अशी कोणती डिस्क घ्यावी, की जी बिघडणारच नाही? प्रश्न स्वाभाविक आहे. परंतु या वस्तूचा इतिहास पाहिला, तर तिच्याशी ज्यांचा सर्वांत जवळचा संबंध आला त्यांनीच हा प्रश्न बाजूला ठेवून दुसरा एक प्रश्न हाती घेतलेला दिसतो. तो कोणता, हे समजण्यासाठी आरंभापासून निघाले पाहिजे.

चुंबकत्वाच्या साहाय्याने काही लिहून ठेवता येते, ही कल्पना संगणकाहून पुष्कळ जुनी आहे. डेन्मार्कमधील वाल्डेमार पॉल्सेन या अभियंत्याने १८९८ साली पोलादी तारेवर ध्वनी उमटवून दाखवला. बोलणाऱ्याच्या आवाजाप्रमाणे बदलणारा विद्युत्प्रवाह एका लहानशा विद्युच्चुंबकातून सोडावयाचा आणि त्याच्याजवळून तार सरकवीत न्यावयाची. तारेवर ठिकठिकाणी कमीअधिक चुंबकत्व उमटते, आणि तीच तार पुन्हा तशी सरकवली म्हणजे तो ध्वनी परत ऐकू येतो. १९०० साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात ऑस्ट्रियाचे सम्राट फ्रान्झ योझेफ यांचा आवाज या यंत्रावर घेण्यात आला. तो आजही ऐकावयास मिळतो. ग्रामोफोनच्या तबकडीवर सुई खाचेतून घासत जाते, त्यामुळे प्रत्येक वादनागणिक खाच थोडी झिजते. चुंबकीय लेखनात खाच नाही, आणि लिहिलेले पुसून त्याच जागी नवे लिहिता येते. नभोवाणीने पुढे चुंबकीय फिती स्वीकारल्या, त्याला हेही एक कारण होते.

संगणक निर्माण झाले तेव्हा त्यांची माहितीही अशाच फितींवर आणि भोके पाडलेल्या कार्डांवर ठेवली जाई. या दोहोंत एक मोठी अडचण होती. गुंडाळलेल्या पटाच्या टोकाचे चित्र पाहावयाचे तर सारा पट उलगडावा लागतो, तसे फितीचे होते. एखाद्या ग्राहकाचे खाते शेवटी असेल तर तिथवर सारी फीत फिरवावी लागे. म्हणून कचेऱ्यांत दिवसभराचे व्यवहार साठवून, क्रमाने लावून, मग एकदम यंत्राला घातले जात. गोदामात एखादी वस्तू या क्षणी शिल्लक आहे की नाही, या साध्या प्रश्नाला त्या क्षणी उत्तर नसे.

१९५२ साली आयबीएम या अमेरिकन कंपनीने रेनॉल्ड जॉन्सन यांना कॅलिफोर्नियातील सॅन होजे या गावी एक लहानशी प्रयोगशाळा काढण्यास पाठवले. जॉन्सन हे मूळचे शाळेतील विज्ञानशिक्षक. विद्यार्थ्यांच्या पेन्सिलीने खुणा केलेल्या उत्तरपत्रिका तपासणारे यंत्र त्यांनी कल्पिले होते आणि त्यामुळेच ते या कंपनीत आले. त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक पर्याय पाहून अखेर फिरत्या तबकड्यांचा मार्ग धरला. दोन फूट व्यासाच्या ॲल्युमिनियमच्या पन्नास तबकड्या एकाच उभ्या दांड्यावर बसवावयाच्या, त्या मिनिटाला १२०० फेऱ्या या वेगाने फिरवावयाच्या, आणि वाचन-लेखन करणारे शीर्ष हव्या त्या तबकडीच्या हव्या त्या जागी नेऊन थांबवावयाचे, अशी ती योजना होती. या शीर्षाला कारागीर 'हेड' म्हणतात. आपणही तोच शब्द वापरू.

तबकडीवर लोहाच्या ऑक्साइडचा थर सर्वत्र सारख्या जाडीचा बसणे अवश्य होते. त्यासाठी जी युक्ती सापडली ती मोठी घरगुती होती. ऑक्साइडमिश्रित रंग पायमोज्यांच्या झिरझिरीत कापडातून गाळून, कागदी पेल्यातून फिरत्या तबकडीच्या मध्याजवळ ओतीत. तो फिरण्याच्या जोराने आपोआप कडेपर्यंत पसरे. अशा रीतीने तयार झालेले 'रॅमॅक' नावाचे यंत्र सप्टेंबर १९५६ मध्ये जाहीर झाले. त्याचे तबकड्यांचे कपाट वजनाने एक टनाच्या घरात होते आणि त्यात पन्नास लाख अक्षरे मावत. आजच्या हिशेबाने हे चार मेगाबाइटही होत नाहीत. मोबाइलवर काढलेले एखादे छायाचित्र त्याहून मोठे असते. तथापि त्या पन्नास लाखांपैकी कोणतेही अक्षर सेकंदभराच्या आत हाती येत असे, हे त्याचे नावीन्य होते. १९५८ साली ब्रुसेल्सच्या जागतिक प्रदर्शनात हे यंत्र ठेवले होते. प्रेक्षकांनी एखादे वर्ष सांगावे आणि यंत्राने त्या वर्षातील ऐतिहासिक घटना दहा भाषांपैकी त्यांच्या पसंतीच्या भाषेत छापून द्यावी, असा तो प्रयोग होता.

या यंत्राविषयी एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. ते बहुधा भाड्याने दिले जाई. संपूर्ण संचाचे भाडे दरमहा सुमारे ३,२०० डॉलर होते, आणि त्याची देखभाल कंपनीचे अभियंते करीत. यंत्र बिघडले तर ती काळजी ज्याची माहिती होती त्या ग्राहकापेक्षा कंपनीचीच अधिक होती. ही व्यवस्था पुढे नाहीशी झाली. आपल्या आजच्या अडचणींचे मूळ पुष्कळ अंशी त्यात आहे.

येथून पुढचा इतिहास म्हणजे हेड आणि तबकडी यांच्यामधील अंतराचा इतिहास होय. हेड जितके जवळ, तितकी अक्षरे बारीक लिहिता येतात. परंतु ते तबकडीला टेकता कामा नये, कारण त्या वेगात टेकले तर ते वरचा थर खरवडून काढते आणि त्याबरोबर मजकूरही जातो. रॅमॅकमध्ये दाबाखालची हवा नळीने सोडून हे अंतर राखले जाई. १९६१ साली आलेल्या यंत्रात निराळी युक्ती होती. तबकडी फिरताना आपल्याबरोबर हवेचा पातळ थर ओढून नेते. हेडला असा आकार दिला की घार जशी पंख न हलवता हवेवर तरंगते तसे ते त्या थरावर तरंगू लागले. १९६२ साली सहा तबकड्यांचा, सुमारे साडेचार किलो वजनाचा संच यंत्रातून काढून कपाटात ठेवता येऊ लागला. सोय मोठी झाली. मात्र जी वस्तू उघडता येते तीत धूळही शिरते.

त्यावर उपाय निघाला १९७३ साली. केनेथ हॉटन यांच्या नेतृत्वाखाली आयबीएमने तबकड्या आणि हेड ही दोन्ही एकाच बंद पेटीत कायमची बसवली. हेड अत्यंत हलके केले आणि यंत्र थांबले म्हणजे ते तबकडीच्या वंगण लावलेल्या पृष्ठभागावर अलगद उतरू दिले. तीस अधिक तीस मेगाबाइट अशी मूळ योजना होती. 'तीस-तीस' ही संख्या विंचेस्टर नावाच्या प्रसिद्ध बंदुकीच्या काडतुसाशी जोडलेली असल्यामुळे या डिस्कला विंचेस्टर हेच नाव पडले. आजची प्रत्येक फिरती हार्ड डिस्क याच कुळातली आहे.

पुढचे पाऊल १९८० सालचे. रॅमॅकपासून या व्यवसायात असलेल्या ॲलन शुगार्ट यांच्या सीगेट कंपनीने सव्वापाच इंचांची, पाच मेगाबाइटांची डिस्क बाजारात आणली. एका टनाच्या कपाटाचे काम आता टेबलावर मावू लागले, आणि १९८३ साली आयबीएमच्या वैयक्तिक संगणकात दहा मेगाबाइटांची डिस्क बसून आली. या बदलाचे वर्णन सामान्यतः लहानपणाचे आणि स्वस्ताईचे कौतुक म्हणून केले जाते, आणि ते खरेच आहे. पण त्याबरोबर आणखी एक गोष्ट घडली. यंत्र घरात आले आणि त्याची देखभाल करणारा अभियंता मागे राहिला. डिस्क विकत घेणारा मनुष्य नकळत तिचा रखवालदार झाला, आणि त्याला तसे कोणी सांगितले नाही.

दरम्यान हेडचे अंतर कमी होतच राहिले. १९८८ साली अल्बर्ट फेर आणि पीटर ग्रुनबर्ग यांनी स्वतंत्रपणे एका चुंबकीय परिणामाचा शोध लावला. त्यावर आधारलेली अतिसंवेदनशील हेडे १९९७ पासून डिस्कांत आली, आणि २००७ साली या दोघांना पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले. आज हे अंतर काही नॅनोमीटर आहे. केसाच्या जाडीचे दहा हजार भाग केले तर त्यांतल्या एकाहूनही ते कमी भरेल. धुराचा एक कण त्या फटीच्या मानाने डोंगराएवढा ठरतो. २०२४ साली ३० टेराबाइटांची डिस्क जाहीर झाली. रॅमॅकची ऐंशी लाख कपाटे भरतील एवढा मजकूर त्या एका तळहाताएवढ्या पेटीत मावतो. पण हे लक्षात घ्यावे, की त्या पेटीला धक्का बसला, तिचे वंगण सुकले किंवा तिची मोटर थकली, तर ऐंशी लाख कपाटे एकदम बंद होतात.

अशी ही वस्तू किती दिवस टिकते? उत्पादक तिच्यावर बिघाडाविना चालण्याचा सरासरी काळ छापीत. तो दहा लाख तास किंवा त्याहूनही अधिक असे. दहा लाख तास म्हणजे ११४ वर्षे. एखाद्या गृहस्थाने यावरून ही डिस्क नातवंडांना पुरेल असे समजावे, तर त्याचा दोष नाही. पण या आकड्याचा अर्थ तसा नाही. अशा एक हजार डिस्का वर्षभर चालवल्या तर त्यांतील सुमारे नऊ बंद पडतील, एवढेच तो सांगतो. शिवाय तोही प्रत्यक्षात खरा ठरत नव्हता. २००७ साली बियान्का श्रोडर आणि गार्थ गिब्सन या संशोधकांनी मोठमोठ्या संगणककेंद्रांतील सुमारे एक लाख डिस्कांच्या नोंदी तपासल्या. वर्षाला बदलाव्या लागणाऱ्या डिस्कांचे प्रमाण बहुधा दोन ते चार टक्के आणि काही ठिकाणी १३ टक्क्यांपर्यंत असल्याचे त्यांना आढळले. डिस्कांचे वय वाढते तसे हे प्रमाणही वाढत जात होते. अलीकडच्या काळात बॅकब्लेझ ही कंपनी आपल्याकडील हजारो डिस्कांचे आकडे नियमाने प्रसिद्ध करीत आली आहे. त्यांत हे प्रमाण वर्षाला एक ते दोन टक्क्यांच्या आसपास दिसते. सुधारणा निःसंशय आहे. पण ज्याच्या घरी एकच डिस्क आहे त्याच्या दृष्टीने ती एक तर चालू असते किंवा बंद असते. टक्केवारीने त्याचे समाधान होत नाही.

मग डिस्कने आपले मरण आधी कळवावे, असा प्रयत्न झाला. १९९० नंतरच्या दशकात डिस्कांमध्ये 'स्मार्ट' नावाची स्वपरीक्षेची सोय आली. तबकडीवरील एखादा भाग खराब झाला तर डिस्क त्याच्याऐवजी राखीव भाग वापरते आणि त्याची नोंद ठेवते. या नोंदी साध्या आज्ञावलीने वाचता येतात. त्यांचा उपयोग किती, याची परीक्षा गूगल कंपनीच्या संशोधकांनी २००७ साली एक लाखाहून अधिक डिस्कांवर केली. पृष्ठभागाच्या तपासणीत पहिला दोष आढळल्यावर पुढल्या साठ दिवसांत डिस्क बंद पडण्याचा संभव निर्दोष डिस्कच्या ३९ पट होतो, असे त्यांना दिसले. म्हणजे सूचना मिळाली तर ती खरी मानावी. परंतु त्याच अभ्यासात बंद पडलेल्या डिस्कांपैकी एक-तृतीयांशाहून अधिक डिस्कांनी अशी कोणतीच पूर्वसूचना दिली नव्हती. तेव्हा सूचना नाही याचा अर्थ धोका नाही, असा करता येत नाही.

आता आरंभी म्हटलेल्या दुसऱ्या प्रश्नाकडे येऊ. १९८८ साली बर्कलीच्या विद्यापीठातील डेव्हिड पॅटर्सन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी एक निबंध सादर केला. एकच मोठी, महागडी आणि भरवशाची डिस्क घेण्यापेक्षा अनेक लहान आणि स्वस्त डिस्का एकत्र जोडाव्यात, असे त्यांचे प्रतिपादन होते. स्वस्त डिस्का अधिक वेळा बिघडतील हे त्यांना मान्यच होते. त्यांनी बिघाड गृहीत धरला आणि त्यावर हिशेबाने मात केली. समजा, तीन वह्यांत तीन संख्या लिहिल्या आणि चौथ्या वहीत त्यांची बेरीज लिहिली. आता कोणतीही एक वही हरवली तरी उरलेल्या तिघींवरून तिच्यातील संख्या काढता येते. डिस्कांच्या बाबतीत हेच करतात, आणि या योजनेला 'रेड' म्हणतात. डिस्क बिघडणार नाही याची तजवीज कशी करावी, हा प्रश्न येथे मागे पडला. डिस्क बिघडल्यावरही मजकूर कसा राहील, हा प्रश्न पुढे आला. मोठमोठी संगणककेंद्रे आज याच विचारावर चालतात. तेथे रोज डिस्का बंद पडतात, आणि कोणाच्याही एका पत्राला धक्का लागत नाही.

घरगुती मनुष्याने या इतिहासातून काय घ्यावे? प्रथम, डिस्क बिघडू लागली आहे हे ओळखावे कसे ते पाहू. एरवी चटकन उघडणारी पत्रे उघडावयास मिनिटे लागतात. नक्कल करताना यंत्र मध्येच अडते. स्मार्टच्या नोंदीत खराब भागांचा आकडा वाढत जातो. कधी पेटीतून ठरावीक अंतराने टकटक ऐकू येते. टकटक म्हणजे पुष्कळदा हेडला आपली जागा सापडत नसल्याचे चिन्ह असते. तसा आवाज येत असेल तर वीज बंद करणे हेच पहिले काम. प्रत्येक फेरीबरोबर पृष्ठभाग अधिक खरवडला जाण्याचे भय असते. त्यातील मजकूर मोलाचा असेल, तर धूळविरहित खोलीत हे काम करणाऱ्या तज्ज्ञाकडे डिस्क द्यावी. पेटी घरी उघडू नये. डिस्क शीतपेटीत ठेवली की ती पुन्हा चालू होते, अशी एक समजूत पसरलेली आहे. तिच्या नादी लागू नये. आत दव साचून उरलेसुरलेही जाते.

आवाज नसेल आणि डिस्क रखडत का होईना वाचता येत असेल, तर जोडणारी तार बदलून पाहावी. कधीकधी दोष तारेचाच निघतो. त्याने फरक पडला नाही तर सर्वांत मोलाचा मजकूर प्रथम दुसरीकडे उतरवावा. या ठिकाणी अनेकांची चूक होते. ते आधी डिस्क दुरुस्त करू पाहतात. दुरुस्तीच्या आज्ञावल्या तिच्यावर चालवतात, ती पुन्हा नव्याने आखून घेतात, किंवा तिच्यावरील मजकुराची फेरमांडणी करतात. आजारी माणसाला व्यायाम करावयास लावण्यासारखे हे आहे. त्या डिस्कवर काहीही लिहू नये, फक्त वाचावे. वाचतानाही आधी जे सुखाने वाचता येते ते घ्यावे आणि अडणाऱ्या जागा शेवटी राखाव्यात. 'डीडीरेस्क्यू' या नावाची विनामूल्य आज्ञावली नेमके हेच करते. सुस्थितीतला भाग ती आधी उतरवून घेते आणि मग कठीण जागांकडे पुनःपुन्हा वळते.

यानंतर नव्या डिस्कची निवड. आज येथे दोन जाती आहेत. एक आपली फिरती तबकडी, आणि दुसरी 'एसएसडी', जिच्यात काहीच फिरत नाही. तिच्या मुळाशी असलेली फ्लॅश स्मृती ही जपानमधील तोशिबा कंपनीच्या फुजिओ मासुओका यांनी १९८० च्या दशकात कल्पिली. तिला धक्क्याचे भय नाही आणि तिचा वेग कितीतरी अधिक आहे. म्हणून रोजच्या कामाच्या संगणकात, आणि विशेषतः जो पिशवीतून हिंडतो त्यात, तीच घ्यावी. परंतु तीही अमर नाही. तिच्यावर लिहिण्याला मर्यादा असते. ती पुष्कळदा आवाज न करता एकाएकी बंद पडते, आणि वर्षानुवर्षे विजेविना कपाटात पडून राहिली तर तिच्यातील विद्युत्भार हळूहळू गळू शकतो. मोठ्या संग्रहाच्या प्रती ठेवण्यासाठी फिरती डिस्क अजून स्वस्त पडते.

फिरती डिस्क घेताना आकार आणि जोडणी जुन्या यंत्राशी जुळते की नाही, हे पाहावे. काही डिस्कांत लेखनाच्या रेषा घराच्या कौलांसारख्या एकमेकींवर चढवलेल्या असतात. त्यामुळे जागा अधिक मिळते, पण एक कौल बदलावयाचे तर शेजारची उचलावी लागतात, म्हणून पुनर्लेखन संथ होते. प्रती ठेवण्यास त्या चालतात. अनेक डिस्का जोडून केलेल्या 'रेड'ला त्या अडचणीच्या ठरतात. २०२० साली काही डिस्कांबाबत ही गोष्ट ग्राहकांना स्पष्ट सांगितलेली नव्हती असे उघडकीस आले, आणि त्यानंतर उत्पादकांनी याद्या प्रसिद्ध केल्या. त्या पाहून घ्याव्यात. एक टेराबाइटची डिस्क संगणकात ९३१ दाखवली तर फसवणूक झाली असे समजू नये. उत्पादक हजाराने मोजतो आणि संगणक १०२४ ने मोजतो, इतकाच तो भेद आहे. मात्र मोठ्या धारणशक्तीची डिस्क अविश्वसनीय किमतीला कोणी देऊ करीत असेल, तर ती घेऊ नये. शेवटी हमीपत्राविषयी. हमीने डिस्क बदलून मिळते. तीतील मजकूर कोणीही बदलून देत नाही.

आणखी एक गोष्ट इतिहास सांगतो. एके काळी जगात दोनशेंहून अधिक कंपन्या डिस्का बनवीत. आज सीगेट, वेस्टर्न डिजिटल आणि तोशिबा या तीनच उरल्या आहेत. पहिली डिस्क ज्या आयबीएमने केली तिनेही हा व्यवसाय २००३ च्या सुमारास हिताचीला देऊन टाकला, आणि २०१२ साली तो वेस्टर्न डिजिटलकडे गेला. २०११ च्या ऑक्टोबरात थायलंडमधील पुराचे पाणी बँकॉकच्या उत्तरेकडील कारखान्यांत शिरले तेव्हा जगभर डिस्कांचा तुटवडा पडला आणि किमती कडाडल्या. बदली डिस्क हव्या त्या दिवशी हव्या त्या किमतीत मिळेलच असे नाही. ती बिघाडापूर्वी घरात असावी, आणि तिच्यावर प्रत उतरलेली असावी.

प्रत म्हणजे काय, याचाही नीट विचार केला पाहिजे. एकाच डिस्कवर दोन ठिकाणी ठेवलेला मजकूर म्हणजे प्रत नव्हे. 'रेड' हीदेखील प्रत नव्हे, कारण चुकून पुसलेले ती सर्व डिस्कांवरून एकदम पुसते. १९९८ साली पिक्सार या संस्थेत 'टॉय स्टोरी २' या चित्रपटाचे काम चालू असता चुकीच्या एका आज्ञेने त्याचा बराच भाग पुसला गेला. राखीव प्रती होत्या, पण त्या बऱ्याच दिवसांपासून नीट उतरत नव्हत्या, आणि हे कोणी तपासले नव्हते. गेलिन सुसमन यांना नुकतेच मूल झाले होते, म्हणून त्या घरून काम करीत, आणि त्यासाठी त्यांच्या घरच्या संगणकावर चित्रपटाची एक प्रत नेलेली होती. त्या प्रतीने काम वाचवले. शेकडो माणसांच्या श्रमांचा आधार अशा एका योगायोगावर येऊन ठेपला होता. छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला नियम त्यामुळे पटतो. मजकुराच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात, आणि त्यांतील एक घराबाहेर असावी. त्यात आपण एवढीच भर घालू, की प्रत अधूनमधून उघडून पाहावी.

हा विचार आपल्याला परका वाटण्याचे कारण नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले आणि १९६६ साली ते तडीस नेले. त्यासाठी बाराशेंहून अधिक हस्तलिखिते पाहण्यात आली. काश्मीरच्या शारदा लिपीतील पोथ्यांपासून केरळातील मलयाळम लिपीतील पोथ्यांपर्यंत त्यांचा विस्तार होता. ज्या ताडपत्रांवर हा ग्रंथ प्रथम उतरला असेल त्यांतले एकही उरलेले नाही. ताडपत्राचे आयुष्य मर्यादित आहे हे नकलकारांना ठाऊक होते, म्हणून पान जीर्ण होण्यापूर्वी ते नवे लिहीत. अमर ताडपत्र शोधण्यात त्यांनी वेळ घालवला नाही.

तबकडीच्या निर्मात्यांना जे तीस-चाळीस वर्षांच्या अनुभवाने कळले ते याहून फारसे वेगळे नाही. हार्ड डिस्क ही जीर्ण होणारी वस्तू आहे, आणि आज ना उद्या ती बदलावी लागणार. तेव्हा नवी डिस्क घेण्याचा प्रसंग आला, तर तिचे नाव आणि किंमत विचारण्यापूर्वी एवढे पाहावे, की जुनीवरचा मजकूर आणखी कोठे आहे काय. तो दोन ठिकाणी असेल तर कोणतीही बऱ्यापैकी डिस्क चालेल. नसेल तर सर्वांत महागडी डिस्कही पुरी पडणार नाही. घरातील वडीलधाऱ्यांचा आवाज, मुलांची पहिली छायाचित्रे, वर्षानुवर्षे जमवलेली टिपणे, ही पुन्हा कोठे विकत मिळत नाहीत. त्यांची दुसरी प्रत करावयास एक संध्याकाळ पुरते, आणि ती संध्याकाळ डिस्क चालू आहे तोवरच उपयोगाची असते.